पाठलाग

आमच्या वाशिमांत फटफटीवर बसलेला पोलीस दिसला म्हणजे रस्त्यावरच्या माणसांच्या हालचालींत एक सूक्ष्म फरक पडतो. हातांत लोंबकळणारें हेल्मेट डोक्यावर चढतें, कानाशीं धरलेला फोन खिशांत जातो, एका गाडीवर बसलेल्या तिघांपैकीं एक जण खालीं उतरून, जणूं आपण घरापासून पायींच निघालों होतों, अशा चेहऱ्यानें चालूं लागतो. पोलीस पुढें गेला कीं सर्व कांहीं पूर्ववत् होतें. या क्षणभराच्या सभ्यतेकडे पाहून हंसावें कीं खिन्न व्हावें, हें मला इतक्या वर्षांत ठरवितां आलेलें नाहीं. परंतु आज मी जो प्रश्न वाचकांपुढें ठेवणार आहें, तो थांबणाऱ्यांचा किंवा उतरणाऱ्यांचा नव्हे. जो थांबत नाहीं त्याचा तो आहे. आणि त्याहूनहि अधिक, त्याच्या मागें ज्याला जावें लागतें त्याचा आहे.

राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत लावून दिला आहे. तें वत्सगुल्म म्हणजेच हें वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अशा गांवीं राहून साहित्य बाजूला ठेवावें आणि फटफटीविषयीं लिहावें, हें कोणास विपरीत वाटल्यास माझा इलाज नाहीं. वाकाटकांची राजधानी जाऊन दीड हजार वर्षे झालीं. फटफटी दररोज माझ्या दारावरून जाते.

ती चालविणारा माझा जुना विद्यार्थी आहे. त्याचें नांव सांगत नाहीं. आमच्या बाजूस हवालदारास लोक अजून जमादार म्हणतात, तेव्हां मीहि त्यास जमादारच म्हणेन. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. खरें म्हणजे पुन्हां झाला, कारण इंग्रजी अमदानींत बाशीम नांवाचा स्वतंत्र जिल्हा होताच व तो १९०५ सालीं मोडला होता. नवा जिल्हा झाल्यावर थोड्याच वर्षांनीं हा मुलगा पोलिसांत भरती झाला आणि नोकरीचा निम्म्याहून अधिक काळ त्यानें मोटारसायकलवर काढला. त्याच्या उजव्या पोटरीवर सायलेन्सरच्या चटक्याची जुनी खूण आहे. कंबर धरलेली असते. चैत्र-वैशाखांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला म्हणजे दुपारीं पेट्रोलच्या टाकीला गुडघा लावतां येत नाहीं. आणि पावसाळ्यांत शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांनीं रस्त्यावर आणलेली काळी माती अशी निसरडी होते कीं, सरळ उभें राहणें हीच एक विद्या होऊन बसते. रात्रीं रोही आडवे येतात. हा नीलगाईचा कळप एक ओलांडून गेला म्हणून सुटका झाली असें समजूं नये; मागून आणखी येतातच. आश्विनांत शेतकरी सोयाबीन डांबरी रस्त्यावरच वाळत घालतात. अर्धा रस्ता दाण्यांनीं व्यापलेला, कडेला दगड मांडलेले, आणि चाकाखालीं दाणे आले कीं गाडी तेलावरून गेल्यासारखी घसरते.

समृद्धि महामार्ग आमच्या कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून गेला आहे. ७०१ किलोमीटरांचा तो रस्ता. परंतु त्यावर दुचाकीस प्रवेश नाहीं. तेव्हां फटफटीवरच्या पोलिसाचें राज्य राहिलें तें जुन्या रस्त्यांवर, जेथें बैलगाडी, शेळ्या, शाळेचीं मुलें, एस. टी. आणि पोहरादेवीच्या यात्रेचे जथे हे सर्व एकाच पट्टीवरून आपापल्या गतीनें चालत असतात. हें मुद्दाम सांगितलें, कारण पुढील हकीकत अशाच एका रस्त्यावरची आहे.

पोलिसाविषयीं आपल्या मनांत जी प्रतिमा आहे ती आजची नाहीं. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभीं अंगठी सांपडलेल्या कोळ्यास धरून नेणारे ते दोन शिपाई आठवावे. आधीं मारहाण, शिवीगाळ, वधाच्या गोष्टी. आणि राजानें त्यास बक्षीस दिल्याचें कळतांच त्यांतला अर्धा वांटा व जोडीला मद्यपान. कालिदासानें हें इतक्या सहज लिहिलें आहे कीं, प्रेक्षकांना त्यांत नवल वाटत नसलें पाहिजे. रस्त्याच्या कडेला झाडाखालीं काय चालतें हें वाचकांना ठाऊक आहे व मलाहि आहे. त्यावर येथें अधिक लिहीत नाहीं. माझा जमादार त्या बाबतींत स्वच्छ आहे एवढें मी सांगूं शकतों. आणि तो तसा नसता तरी पुढील प्रश्न बदलला नसता.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. संध्याकाळची वेळ, सोयाबीनचा हंगाम. जमादार एकटाच गस्तीवर होता. समोरून एक मोटारसायकल आली. चालविणाऱ्याच्या डोक्यावर कांहीं नाहीं, क्रमांकाच्या पाटीवर चिखल. यानें हात केला. त्यानें वेग कमी केल्यासारखें केलें आणि एकदम गाडी भरधाव सोडली. जमादारानें फटफटी वळविली व मागें लागला. दीड-दोन मैल हा प्रकार चालला. अंतर कमी होत होतें; जमादाराची गाडी दांडगी व हात सरावलेला. पुढें रस्ता वळतो, आणि वळणावर कडब्यानें भरलेली एक बैलगाडी चालली होती. तिच्या मागें दिवा नाहीं, हें सांगावयास नकोच. जमादारानें ती पाहिली. त्याच वेळीं त्याला असेंहि दिसलें कीं, पळणारा पुढें पाहत नाहीं; मान वळवून वळवून तो मागें पाहत आहे. चेहरा दिसला. सोळा-सतरांचें पोर.

जमादारानें वेग उतरविला, दिवा मालविला आणि गाडी कडेला घेऊन उभा राहिला. मागचा उजेड नाहींसा झालेला पाहून त्या पोरानें मान पुढें केली. बैलगाडी शेवटच्या क्षणीं चुकविली आणि तें अंधारांत दिसेनासें झालें.

गोष्ट येथेंच संपती तर ती मी लिहिली नसती. दयाळू पोलिसाच्या कथा दिवाळी अंकांत पुष्कळ येतात. परंतु दुसऱ्या दिवशीं असें निघालें कीं, ती मोटारसायकल चोरीची होती. जवळच्या खेड्यांतून वाशिमांत रोज दूध घालणाऱ्या एका माणसाची ती गाडी. कर्जानें घेतलेली, हप्ते अद्याप अर्धेहि फिटले नव्हते, आणि विम्याची मुदत संपून गेलेली. दोन्ही बाजूंस कॅन अडकविण्याच्या कड्यांवरून ओळख पटली. गाडी पुढें कधींच सांपडली नाहीं. पोरगेंहि सांपडलें नाहीं. दूधवाल्यास कोणी तरी सांगितलें कीं, जमादारानें चोराला डोळ्यांनीं पाहिलें होतें आणि सोडून दिलें. तो जमादाराच्या घरीं आला. भांडला नाहीं. एवढेंच म्हणाला, “तुमी त्याले पाह्यलं होतं म्हनते. मंग थांबले काहून?”

वरिष्ठांनीं खुलासा मागितला तो जमादारानें चार ओळींत दिला. सोबत्यांनीं भित्रा म्हटलें तेंहि त्यानें ऐकून घेतलें. दूधवाल्याच्या प्रश्नास मात्र त्याला उत्तर देतां आलें नाहीं, आणि त्यासाठीं तो एके दिवशीं माझ्याकडे आला. विद्यार्थी जुन्या शिक्षकाकडे येतात ते बहुधा उत्तरासाठीं नव्हे, परंतु शिक्षकाला तें कळत नाहीं. मीं त्यास उत्तर दिलें. मीं म्हटलें, “तूं चुकलास.”

माझा युक्तिवाद असा होता. दया करावयाची तर ती स्वतःच्या पदरची करावी. तूं त्या पोराला जें सोडलेंस तें तुझें नव्हतें. तें दूधवाल्याचें होतें. दुसऱ्याच्या खिशांत हात घालून दानधर्म करणाऱ्यास आपण उदार म्हणत नाहीं. राज्यानें तुला दंड हातीं दिला तो एवढ्याचसाठीं कीं, दूधवाल्याला स्वतः काठी घेऊन चोरामागें धांवावें लागूं नये. त्यानें आपला अधिकार तुझ्याकडे ठेव म्हणून दिला, आणि तूं ती ठेव एका अनोळखी पोराला वांटून मोकळा झालास.

जमादार वाद घालणारा नाहीं. त्यानें सर्व ऐकलें आणि म्हणाला, “सर, तो मागं पाहत होता.”

हें वाक्य मला त्या वेळीं उत्तर वाटलें नाहीं. आतां वाटतें. पळणारा मागें पाहतो याचा अर्थ काय? याचा अर्थ असा कीं, त्याची गाडी आतां तो चालवीत नाहीं. मागून येणारा चालवीत आहे. मागचा जितका वेग वाढवील तितका पुढचा वाढविणार. मागचा ज्या क्षणीं दिवा मालवील त्या क्षणीं पुढच्याची मान सरळ होणार. दोन गाड्या, परंतु लगाम एक, आणि तो पाठलाग करणाऱ्याच्या हातांत. वळणावर जें झालें असतें त्याला पळणारा कारण झाला असता, हें खरें. पण जमादार नुसता साक्षी राहिला नसता.

कायद्याकडे पाहिलें तर तो याच दिशेनें बोट दाखवितो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ४३ व्या कलमांत जुनेंच तत्त्व कायम ठेवलें आहे. ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र अपराधाचा आरोप नाहीं, त्याला अटक करतांना त्याचा जीव घेण्याचा अधिकार पोलिसास नाहीं. हेल्मेट नसलेल्या पोरावर कोणी पिस्तूल झाडलें तर आपण सारे हळहळूं, मोर्चे काढूं. परंतु त्याच पोराला ताशीं ऐंशी मैलांच्या वेगानें कडब्याच्या गाडीवर नेऊन घातलें, तर त्याला अपघात म्हणूं. पिस्तुलाचा आवाज होतो, पाठलागाचा होत नाहीं. म्हणून पाठलाग हें हत्यार आहे असें आपल्या ध्यानांतच येत नाहीं.

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें २००७ सालीं अगदीं उघडा होऊन आला होता. जॉर्जिया राज्यांत २००१ सालीं व्हिक्टर हॅरिस नांवाचा एकोणीस वर्षांचा तरुण ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ७३ मैलांच्या वेगानें चालला होता. पोलिसांनीं अडविलें, तो पळाला, आणि कांहीं मिनिटांच्या पाठलागानंतर स्कॉट नांवाच्या पोलिसानें आपल्या मोटारीनें त्याच्या मोटारीस मागून धक्का दिला. मोटार रस्त्याखालीं गेली. त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. आठ न्यायमूर्तींनीं पोलिसाची बाजू उचलून धरली. एकट्या स्टीव्हन्स यांनीं विरुद्ध मत दिलें. बहुमताचा मुद्दा हलका नव्हता. बेफाम गाडी हांकणाऱ्यास सोडून द्यावें असा नियम केला, तर पळणाऱ्याला एवढेंच कळेल कीं, सुटावयाचें असल्यास अधिक बेफाम व्हावें. शिवाय पाठलाग थांबविला तरी पळणारा सांवकाश होईल याची हमी काय? स्टीव्हन्स यांचें म्हणणें सरळ होतें: गाडीचा क्रमांक पोलिसांजवळ होता, त्याला मागाहून घरीं जाऊन धरतां आलें असतें.

वळणावर कोणता पक्ष खरा ठरला? जमादारानें दिवा मालविला आणि पोरानें मान पुढें केली; म्हणजे हमी काय, या प्रश्नाचें त्या एका रात्रीपुरतें तरी उत्तर मिळालें. परंतु स्टीव्हन्स यांचा मुद्दाहि आमच्या कामाचा नाहीं. पाटीवर चिखल होता. क्रमांक कोणाजवळच नव्हता. आजकाल चौकांतल्या कॅमेऱ्यानें क्रमांक टिपावा आणि दंडाची पावती फोनवर धाडावी, मग पाठलागाचें कारणच काय, असें सुशिक्षित मंडळी म्हणतात. कॅमेरा प्रामाणिकांना पकडतो, असें माझें मत आहे. ज्याला खरोखर पळावयाचें आहे तो आधीं पाटीला चिखल फांसतो.

तेव्हां प्रश्न उरतो तो अज्ञानाचा. जमादाराला त्या क्षणीं काय ठाऊक होतें? डोक्यावर हेल्मेट नाहीं, पाटी दिसत नाहीं, आणि थांबला नाहीं. यांतून चोर निघतो तसा वकिलाचा मुलगाहि निघतो. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आला. आणि अल्पवयीन मुलानें गाडी चालविली तर पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आला. कायदा योग्यच आहे, मी त्याविरुद्ध नाहीं. परंतु त्यामुळें असें झालें कीं, बापाची गाडी न विचारतां घेऊन निघालेल्या मुलाजवळ पळण्यास चोराइतकेंच सबळ कारण आलें. अंधारांत दोघांच्या पाठी सारख्याच दिसतात. माणसाच्या कृत्याची परीक्षा त्याला तेव्हां जें ठाऊक होतें त्यावरून करावी. दुसऱ्या दिवशींच्या फिर्यादीवरून नव्हे. मीं ज्या बैठकींत त्याला चुकलास म्हटलें, त्या बैठकींत माझ्याजवळ दुसऱ्या दिवशींची फिर्याद होती. एवढा अन्याय माझ्याकडून झाला.

येथवर आल्यावर जमादाराचें सर्वस्वीं बरोबर होतें असें म्हणून मोकळें व्हावें, असें वाचकांस वाटेल. मला तसें होतां येत नाहीं, आणि त्याचें कारण मुंबईची एक घटना आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजीं खार येथें एका पेट्रोल पंपापाशीं वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनीं हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलास अडविलें व कागद मागितले. मुलानें आपल्या थोरल्या भावास बोलाविलें. भावानें शिंदे यांच्या डोक्यांत दांडकें घातलें. ३१ ऑगस्टला ते वारले. तेथें पाठलाग नव्हता, वेग नव्हता. एक माणूस उभा राहून आपलें काम करीत होता. खाकी कपड्याचा दरारा ही पोलिसाची मिजास आहे असें आपण समजतों. पुष्कळदां ती तशी असतेहि. परंतु अनोळखी माणसाला हात करून थांबविणारा जो एकटा शिपाई, त्याच्या अंगावर त्या दराऱ्यावांचून दुसरें कोणतें चिलखत आहे? आणि एका ठिकाणीं कोणी माघार घेतली, तर त्याची किंमत दुसऱ्या चौकांत उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणा शिपायास द्यावी लागणार नाहीं, असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? हें मीं जमादारास विचारलें. तो म्हणाला, दिवसभर जेवढे हात केले तेवढे लोक थांबतात, पळतो तो एखादा. आणि थांबणारे माझ्या भीतीनें थांबत नाहींत, संवयीनें थांबतात. माझें समाधान झालें असें नाहीं. पण त्यानें पंचवीस वर्षे हात केले आहेत, मीं एकदांहि केलेला नाहीं.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणांत दंडाचे तीन प्रकार केले आहेत. तीक्ष्ण दंडानें लोक उद्विग्न होतात, मृदु दंडानें राजा तुच्छ ठरतो, आणि यथार्ह दंडानें तो पूज्य होतो. शतकानुशतकें आपण हें शिक्षेविषयीं वाचीत आलों: किती फटके, किती कैद, किती कार्षापण. परंतु शिक्षेच्या आधीं पकडणें असतें, आणि पकडण्यालाहि यथार्हता आहे हें फारसें कोणी बोलत नाहीं. न्यायाधीश हजार रुपयांच्या अपराधास हजार रुपये दंड करतो तो आसनावर बसून, पुस्तक उघडून, दोन्ही बाजू ऐकून. जमादाराला तोच निवाडा धांवत्या गाडीवर, डोळ्यांत धूळ जात असतां, वळण येण्याच्या आंत करावा लागतो. आणि त्याचा निवाडा चुकला तर त्यावर अपील नाहीं.

तरीहि दूधवाल्याचा प्रश्न तसाच राहतो. मीं आरंभीं जें म्हटलें तें सर्वच टाकाऊ नव्हतें, असें मला आज वाटतें. सोडलें तें दूधवाल्याचें होतें, हें खरेंच आहे. फक्त त्यावरून सोडणें चूक ठरत नाहीं. त्यावरून एक ऋण उभें राहतें. योग्य कृत्य केल्यावर हात निर्मळ होतात अशी आपली समजूत आहे, ती नीतिकथांनीं करून दिलेली. संसारांत असें पुष्कळदां होतें कीं, मनुष्य करावयाचें तेंच करतो आणि तरी कोणाचा तरी देणेकरी होतो. हें देणें खरें पाहतां सरकारचें. ज्या समाजाला आपल्या पोलिसानें वळणावर थांबावें असें वाटतें, त्यानें थांबण्याची किंमत एका दूधवाल्यावर टाकूं नये. परंतु असें कोणतेंहि खातें मला ठाऊक नाहीं जेथें जाऊन दूधवाला म्हणूं शकेल कीं, एका मुलाचा जीव वांचविण्यासाठीं माझी गाडी खर्ची पडली, ती भरून द्या.

मीं जमादारास एकदां सुचविलें कीं, तूंच त्याला थोडेसे पैसे दे. तो दचकला. म्हणाला, “सर, फिर्यादीला पोलिसानं पैसे दिले तर लोक काय म्हणतील? कशाचे दिले म्हणतील?” तें बरोबर होतें. आयुष्यभर पैसे न घेतलेल्या माणसाला एकदां द्यावयाचीहि सोय राहिलेली नाहीं. त्याऐवजीं तो सुटीच्या दिवशीं साध्या कपड्यांत हिंगोली, पुसद, मेहकर अशा गांवीं जाऊन जुन्या गाड्यांच्या बाजारांत कॅनच्या कड्यांची खूण असलेली गाडी शोधीत असे. वर्षभर त्यानें तें केलें. खर्च स्वतःचा. ही गोष्ट त्यानें दूधवाल्यास सांगितली नाहीं; मला त्याच्या बायकोकडून कळली.

दूधवाल्यानें पुढें एक जुनी गाडी घेतली. आमच्या आळींत तोच दूध घालतो. जमादाराच्या घरीं दोघेंच माणसें. मुलगी लग्न होऊन अमरावतीस गेली, मुलगा पुण्यास असतो. पूर्वीं एक लिटर लागे, आतां अर्ध्यांत भागलें असतें. परंतु तेथें अजून दीड लिटर जातें. दोघे एकमेकांशीं बोलत नाहींत. सकाळीं सहाच्या सुमारास जमादाराची बायको भांडें घेऊन दारांत येते, दूधवाला माप घालतो, आणि जमादार आंतल्या खोलींत बुटांना पॉलिश करीत असतो. गेल्या महिन्यांत दूध कांहींसें पातळ येऊं लागलें आहे, अशी आमच्या घरांतून तक्रार आहे. जमादाराकडून अजून तशी तक्रार झालेली नाहीं.